सुईच्या नेढ्यातून बीबीए

ज्यांचं कोणी ना कोणी ह्यूस्टनला राहतं अशा मराठी घरांत ‘बेलर’ म्हटलं की माणसं नकळत सावरून बसतात. तिथल्या अवाढव्य मेडिकल सेंटरमध्ये बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन आहे, आणि कोणाच्या ना कोणाच्या जावयाच्या हृदयाला तिथल्या डॉक्टरांचा हात लागलेला असतो. त्यामुळे माझी भाची बेलरला लागली ही बातमी ह्यूस्टनहून साधीच निघाली, पण पुण्यात उतरली ती गळ्यात स्टेथोस्कोप घालून. आत्याने त्याच संध्याकाळी उजव्या गुडघ्याचा एक्स-रे व्हॉट्सॲपवर पाठवला.

मग खुलासे करत फिरण्याचं काम मामा या नात्याने माझ्याकडे आलं. बेलर हे मुळात विद्यापीठ. त्याचं मेडिकल कॉलेज १९४३ साली डॅलसहून ह्यूस्टनला गेलं आणि १९६९ साली विद्यापीठातून वेगळं निघालं. भाऊबंदकीत होतं तसंच, दोघांनीही आडनाव मात्र सोडलं नाही. आपली पोर आहे मूळ घरी, वेको नावाच्या गावात, आणि ती तिथे बीबीए करते आहे.

“म्हणजे डॉक्टर नाही?” आत्याने विचारलं.

“नाही.”

“मग एक्स-रे पाहील कोण?”

हा धक्का पचतो न पचतो तोच कोणीतरी शोधून काढलं की हे विद्यापीठ बाप्टिस्ट पंथाचं आहे. आता घरात दोन तट पडले. एका तटाला पोर बाटेल ही काळजी, दुसऱ्याला ती धंदा करेल ही. आणि खरं सांगायचं तर दुसरा तट जास्त हवालदिल होता. आमच्या घराण्यात तीन पिढ्या नोकरी झालेली. मामलेदार कचेरी, पोस्ट, शाळा आणि शेवटी माझी नागरी सहकारी बँक. धंद्याकडे आमच्याकडे धर्मांतराच्याच नजरेने पाहतात: गेला बिचारा, आता परत यायचा नाही.

बाटण्याची भीती तर मला कधीच कळली नाही. मुंबईत विल्सन कॉलेज १८३२ पासून आहे, सेंट झेवियर्स १८६९ पासून. दरवर्षी जूनमध्ये झेवियर्सच्या यादीत चिरंजीवांचं नाव लागावं म्हणून सिद्धिविनायकाला नवस बोलणारे लोक मी पाहिलेत. जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचं स्वप्न पाहणाऱ्या किती पोरांना ठाऊक असतं, की त्यातला एक्स हा संत झेवियरचा, आणि ती संस्था १९४९ साली जेझुइट पाद्र्यांनी काढली? कामगार संबंध शिकवायला पाद्री आणि शिकायला अख्खा हिंदुस्थान. त्यात कोणी बाटलं असेल तर ते पॅकेजमुळे.

असो. बहिणीकडे ह्यूस्टनजवळच्या केटी गावी गेलो असताना आम्ही एक दिवस गाडी काढून भाचीला भेटायला गेलो. ह्यूस्टनहून वेको तीन तासांचा रस्ता. वाटेत पाहण्यासारखं काही नाही, म्हणजे टेक्सास पुष्कळ आहे. कॅम्पस मात्र देखणा. लाल विटांच्या इमारती, मनोऱ्यात घंटा, हिरवळ अशी की चालताना आपणच चपला काढाव्यात. विद्यापीठाचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ साधारण ‘चर्चसाठी, टेक्साससाठी’ असा होतो. १८४५ साली विद्यापीठाला सनद मिळाली तेव्हा टेक्सास हा स्वतंत्र देश होता, त्यामुळे हे राष्ट्रकार्य होतं. आजही टेक्सासातल्या माणसाला या दोन गोष्टींतली मोठी कुठली असं विचारलं तर तो चर्चचं नाव घेईल, पण घेण्याआधी जरा थांबेल.

स्थापना करणाऱ्यांपैकी एक होते न्यायाधीश बेलर. म्हणून विद्यापीठाने पाळलेल्या अस्वलांनाही ‘जज्ज’ ही पदवी लागते. अस्वलं खरीखुरी, काळी, कॅम्पसच्या मधोमध बांधलेल्या प्रशस्त जागेत राहणारी. पहिलं अस्वल १९१७ च्या सुमाराला गावातल्या एका व्यापाऱ्याने सैनिकांकडून पोकरच्या डावात जिंकलं आणि कॉलेजला देऊन टाकलं, असं सांगतात. बाप्टिस्टांना जुगार निषिद्ध, पण जुगारात आलेलं अस्वल निषिद्ध आहे असं कुठे लिहिलेलं नाही. जज्जसाहेब आम्ही गेलो तेव्हा पाठ करून झोपले होते. तारीख पडली असावी.

नाच मात्र निषिद्ध होता, आणि तोही १९९६ पर्यंत. दीडशे वर्षं या विद्यापीठात अधिकृतपणे कोणी नाचलं नाही. मग त्या वर्षी अध्यक्ष रॉबर्ट स्लोन यांनी रस्त्यावर, सगळ्यांसमोर, सौभाग्यवतींबरोबर नाचून बंदी संपवली. मला त्या माणसाविषयी फार आदर वाटला. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत कुलगुरूंना नाचवणं सोपं आहे. दीडशे वर्षं न नाचलेल्या संस्थेत पहिलं पाऊल टाकायचं, तेही बायकोबरोबर, म्हणजे चुकलं तर सांगायला ती जवळच.

दर मंगळवारी दुपारी तीनला तिथे सगळं सोडून मुलं एका दिवाणखान्यात जमतात आणि डॉक्टर पेपर पितात. हे पेय वेकोच्याच एका औषधाच्या दुकानात १८८५ साली जन्मलं, कोका-कोलाच्या एक वर्ष आधी, आणि हे गाव ती गोष्ट कोणाला विसरू देत नाही. मंगळवारचा हा रिवाज १९५३ पासून चालू आहे. पेल्यात आइस्क्रीमचा गोळा, वरून डॉक्टर पेपर. चव तशीच, जशी औषधाच्या दुकानात जन्मलेल्या वस्तूची असावी. मी एक घोट घेतला आणि लहानपणचा खोकला आठवला. भाची म्हणाली, “मामा, आत्याआजीला सांग, मी दर आठवड्याला डॉक्टरकडे जाते.”

बिझनेस स्कूलची इमारत नवी, काचेची, आणि तिच्या अंगावर इतकी नावं की आपल्याकडच्या देवळातल्या फरशीची आठवण व्हावी. स्कूलला एका दात्याचं नाव, इमारतीच्या आवाराला दुसऱ्याचं, दालनांना आणखी कोणाकोणाचं. आमच्याकडे देणगीदारावर निदान पाय तरी पडतो. इथे तो भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर असतो, म्हणजे विद्यार्थ्याला चार वर्षं रोज दिसावं की नीट शिकलास तर तुझ्याही नावाला एक भिंत आहे. ख्रिस्ताने उजव्या हाताचं दान डाव्या हाताला कळू देऊ नये असं सांगितलं होतं खरं. पण त्याने इमारत निधी कधी गोळा केला नव्हता.

अभ्यासक्रम बघितला तर जगात कुठेही असतो तोच. हिशेब, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा, मार्केटिंग, फायनान्स. त्यात एक ‘सर्व्हंट लीडरशिप’ नावाची गोष्ट सगळीकडे डोकावते: नेत्याने सेवक व्हावं. भाचीला ती फार उदात्त वाटते. मी महाराष्ट्रातून आलेलो, मी आजवर फक्त जनसेवकच पाहिलेत, त्यामुळे मी गप्प राहिलो.

फरक आहे तो पुढेच. बीबीए असो की संगीत, दोन पेपर कोणालाच सुटत नाहीत: ख्रिस्ती धर्मग्रंथ आणि ख्रिस्ती परंपरा. शिवाय दोन सत्रं चॅपल. चॅपलला हजेरी लागते, पण क्रेडिट शून्य. केलं नाही तर पदवी अडते, केलं तर गुण नाहीत. फळाची अपेक्षा न धरता कर्म करायला लावणारा सबंध अभ्यासक्रमातला हा एकमेव विषय, आणि तो काढावा बाप्टिस्टांनी! गीतेचा दुसरा अध्याय पाठ असलेल्या आमच्या तात्यांना हे कळवलं तेव्हा त्यांनी “आपल्याकडूनच गेलं असणार ते” असा निर्वाळा दिला आणि पोर बाटण्याचा प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

पुढच्या सुट्टीत भाची केटीला घरी आली ती एका हातात अकाउंटिंगचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात बायबल घेऊन. सोमवारी दोन्हींची परीक्षा. जेवणाच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून ठेवली होती, आणि मी समोर बसलो होतो. कर्ज विभागात हयात गेलेला माणूस, दुसरं काम नाही. मी बायबल ओढलं. म्हटलं, तू डेबिट-क्रेडिट कर, मी देवाचं बघतो.

आणि काय सांगू, पानापानावर बँक!

मत्तयापासून सुरुवात केली. हा मत्तय स्वतः जकात नाक्यावरचा माणूस; आजही हिशेबनिसांचा आणि बँकवाल्यांचा संत तोच. त्याच्या पंचविसाव्या अध्यायात एक धनी परदेशी जाताना तीन नोकरांकडे आपलं धन सोपवतो, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. एकाला पाच वाटे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. एक वाटा म्हणजेसुद्धा मजुराची पंधरा-वीस वर्षांची मजुरी, किरकोळ नव्हे. पहिले दोघे व्यापार करून दाम दुप्पट करतात. तिसरा खड्डा खणून रक्कम पुरून ठेवतो आणि धनी आल्यावर जशीच्या तशी काढून देतो. धनी त्याच्यावर उखडतो: अरे, निदान पेढीवर ठेवले असतेस तर व्याज तरी सुटलं असतं! मी टेबलावर हात आपटला. मुदत ठेवींसाठी मी उन्हातान्हात लोकांचे जिने चढलो, आणि माझ्या बाजूने प्रत्यक्ष ख्रिस्ताचा शब्द होता! पण खरं सांगू का, मला त्या तिसऱ्या नोकराचंच वाईट वाटलं. मुद्दल शाबूत, एक दमडी खाल्ली नाही, वेळेवर परत. तो आमच्याच घराण्यातला होता. त्याला बाहेरच्या अंधारात हाकलून दिलं तेव्हा आमच्या तीन पिढ्यांच्या पोटात गोळा आला असणार.

“ही वीस नंबरच्या अध्यायातली वाच,” भाची अकाउंटिंगमधून मान वर न करता म्हणाली. “ती आमच्या ग्रुप प्रोजेक्टची आहे.”

वाचली. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग नवाला, बाराला, तीनला, आणि शेवटचे संध्याकाळी पाचला. काम संपल्यावर सगळ्यांना मजुरी सारखीच. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुरतात, तर मालक म्हणतो, ठरली तेवढी तुम्हाला दिली, बाकी माझे पैसे आणि माझी मर्जी.

“पाच जणांत एक प्रोजेक्ट,” भाची सांगू लागली. “मी पहाटेपासून मळ्यात. एक जण रात्री अकराला येतो, स्लाइडचा रंग बदलतो आणि झोपतो. दोघांना नव्वद. सरांकडे गेले तर सर म्हणाले, टीमवर्क. मामा, देवाच्या राज्यात ठीक आहे. पण मार्केटिंगमध्ये?”

मी तिला म्हटलं, बँकेतही बढत्या अशाच झाल्या. फक्त ते लोक पाचलाही यायचे नाहीत.

खरी मजा लूकच्या सोळाव्यात. तिथे एक कारभारी आहे, मालमत्ता उडवल्याबद्दल त्याची नोकरी जाणार आहे. जाण्याआधी तो धन्याच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो. तुझ्यावर शंभर मापं तेल ना? पन्नास लिही. तुझ्यावर शंभर मापं गहू? ऐंशी लिही. उद्या नोकरी गेल्यावर या लोकांनी आपल्याला दारात उभं करावं, एवढीच त्याची योजना. आणि धनी हे कळल्यावर त्याला चक्क शाबासकी देतो! भाचीच्या वर्गात यावर तास दीड तास चर्चा झाली म्हणे. धर्मपंडितसुद्धा शतकानुशतकं डोकं खाजवत आलेत की बाबा, याला शाबासकी कशाची?

“कशाची म्हणजे?” मी म्हटलं. “ही वन टाइम सेटलमेंट आहे.”

तिने पेन खाली ठेवलं.

“मार्चअखेर आली असणार. ताळेबंदात थकबाकी दिसते आहे, ऑडिटर यायचे आहेत. शंभरातले पन्नास आत्ता मिळाले तर मिळाले, नाहीतर शंभरचे शंभर बुडीत. धन्याला हिशेब कळतो, म्हणून शाबासकी.”

“पण तेलाला पन्नास टक्के माफी आणि गव्हाला वीसच का?”

“तेलवाला संचालकांचा पाहुणा असणार.”

ही भाष्यपरंपरेत माझी नम्र भर. भाचीने ती वहीत लिहून घेतली. परीक्षेत लिहिली की नाही ते विचारायचं मी टाळलं. बारा शिष्यांच्या मंडळात खजिनदार कोण होता ते योहानाने स्वच्छ लिहून ठेवलं आहे: यहूदा. हे वाचल्यावर मी बायबल मिटलं. गृहनिर्माण संस्थेच्या चार निवडणुका पाहिलेल्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

तोवर भाची पलीकडच्या पुस्तकात अडकली होती, म्हणून मी तिकडे वळलो, तर तिथेही पाद्रीच बसलेला. दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा पद्धतशीर मांडली ती लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. कायम दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या माणसाने जगाला नफा मोजायला शिकवलं. आणि हा साधू व्यापाऱ्यांना सांगतो की कामाची सुरुवात देवाच्या नावाने करा, पहिल्या वहीवर क्रॉसची खूण काढा. मी भाचीला आमच्या आजोळच्या दुकानातल्या वह्या आठवून सांगितल्या: दिवाळीत पूजा, वर ‘श्री’, स्वस्तिक, एका बाजूला शुभ, दुसऱ्या बाजूला लाभ. आत काय लिहायचे ते देवालाही दाखवत नसत, पण पहिलं पान त्याचंच. ती म्हणाली, “मग आपल्याकडे धंद्याला एवढे घाबरतात का?” मी चष्मा पुसला.

याच फ्रान्सिस्कनांनी पंधराव्या शतकात इटलीत गरिबांसाठी तारण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढ्या काढल्या. पेरुजाची १४६२ सालची. सावकारी व्याजाला चर्चचा विरोध, म्हणून खर्च भागण्यापुरतं थोडं व्याज घ्यायचं. त्यावर पन्नास वर्षं वाद घालून १५१५ साली धर्मपरिषदेने मान्यता दिली. मी मनाशी म्हटलं, पन्नास वर्षं कमीच. आमच्याकडे व्याजदर पाव टक्क्याने उतरवायला संचालक मंडळाच्या किती सभा लागायच्या! आणि ज्या सहकाराच्या मिठाला मी जागलो, तो तरी कुठला? रायफायझन नावाच्या एका श्रद्धाळू जर्मन प्रोटेस्टंट महापौराने गावकऱ्यांच्या पतपेढ्या काढल्या. मद्रासच्या निकोल्सनसाहेबांनी अहवालात सरकारला बजावलं की तुमचाही रायफायझन शोधा. त्यातून पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, त्यातून शेवटी माझं पेन्शन. म्हणजे भाची बाटेल म्हणून धास्तावलेलं आमचं अख्खं कुटुंब माझ्या पगारावर जेवत होतं, आणि तो पगार मुळात वेस्टरवाल्डच्या टेकड्यांतल्या ख्रिस्ती परोपकाराचा. हे मी आत्याला सांगितलेलं नाही. तिला श्रावण असतो.

एका बाबतीत मात्र बायबलचं आणि बिझनेस स्कूलचं जमत नाही, आणि ते म्हणजे श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, हे वचन. मी काळजीने मेव्हण्यांना विचारलं. मेव्हणे इंजिनिअर आहेत, कमी बोलतात. या विद्यापीठाची नुसती शिकवणी-फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर. राहणं, जेवण, पुस्तकं वेगळी. ते म्हणाले, “दादा, चार वर्षांची फी भरली की कुठलाही बाप त्या नेढ्यातून आरामात जातो. उंटासकट.”

बहिणीची काळजी वेगळीच. ख्रिस्ती कॉलेजांत ‘रिंग बाय स्प्रिंग’ म्हणून एक थट्टा चालते: शेवटच्या वर्षाचा वसंत संपायच्या आत बोटात अंगठी यायला हवी. बहिणीला सुरुवातीला हे ऐकून घाम फुटला. मग हळूहळू तिच्या मनात आलं की चार वर्षं पन्नास हजार भरायचे, त्यात डिग्री आणि जावई दोन्ही येत असतील, तर सरासरी खर्च कमी होतो. “मुलगा कुठल्या मेजरचा असतो साधारण?” तिने भाचीला विचारलं. भाची म्हणाली, “आई, प्री-मेड फार आहेत.” बहीण एकदम उदार झाली. आत्याच्या एक्स-रेची अजूनही सोय होऊ शकते.

तर ही भाची प्रोफेशनल सेलिंग शिकते, म्हणजे विकणं हाच विषय. समोरच्याला खोलीत बसवतात, कॅमेरा लावतात, आणि पोरं एकमेकांना वस्तू विकायचा सराव करतात. स्पर्धाही होतात त्याच्या. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला सरावासाठी गिऱ्हाईक हवं होतं. मला डायनिंग टेबलाशी बसवलं. मी एका कारखान्याचा मालक, ती पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर विकणार.

“सध्या पगार करताना तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?” तिने हसून विचारलं.

“द्यावा लागतो, याचा.”

“आणि त्यामुळे रात्री झोप लागत नाही असं काही होतं का?”

“कामगारांना होत असेल.”

ती ढळली नाही. माझं म्हणणं तिने तिच्या शब्दांत मला परत सांगितलं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं वाटलं. मग थांबली. मी बोलेपर्यंत बोलायचं नाही, हे त्यांना शिकवतात. मराठी माणसाला शांतता सहन होत नाही. कर्जदार समोर गप्प बसला की मीच कारणं सुचवायचो. शेवटी मी आमचं ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं: “बघू, विचार करून कळवतो.”

“जरूर,” ती म्हणाली. “नेमका कशाचा विचार करायचा राहिलाय तेवढं सांगता का?”

साठ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी पाहतच राहिलो. पाच मिनिटांनी मी शंभर कामगारांचं, तीन वर्षांचं कंत्राट सही करून दिलं होतं. कारखाना नव्हता, एवढंच.

मेव्हणे मघापासून सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली केला.

“वाईट वाटून घेऊ नका, दादा,” ते म्हणाले. “तीन वर्षांपूर्वी त्याच खुर्चीत मी बसलो होतो. मला तिने बेलर विकलं. आणि तेव्हा तर ती काही शिकलीही नव्हती.”